गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि उष्णतारोधन: यंत्रे आल्यावर गवंड्याचे काम किती उरेल?

मुठाकाठ
नमस्कार. कोथरूडमधील आमची सोसायटी चार मजली असून नव्वदच्या दशकातली आहे. गच्चीवर मूळचा ब्रिक बॅट कोबा (विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून केलेला उताराचा थर) आणि त्यावर चायना मोझेक (चकचकीत फरशीच्या तुकड्यांचा थर) आहे. पावसाळ्यात वरच्या मजल्यावरील दोन घरांत छताला ओल येते आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच घरांतले छत रात्री उशिरापर्यंत तापलेले राहते. यंदा कामासाठी दोन दरपत्रके आली आहेत. पहिले एका कंपनीचे असून त्यात ड्रोनने बाहेरच्या भिंतींची पाहणी, थर्मल कॅमेऱ्याने ओल शोधणे आणि स्प्रे यंत्राने मोझेकवरच पांढरा, उष्णता परतवणारा लेप देणे असे टप्पे आहेत. दोन-तीन माणसे आणि चार दिवस त्यांना पुरतील असे ते म्हणतात. दुसरे दरपत्रक आमच्याकडे वर्षानुवर्षे दुरुस्त्या करणाऱ्या मिस्त्रींचे आहे. जुना कोबा काढून नवा घालायचा, कोपऱ्यांना वाटा (भिंत आणि गच्ची जिथे मिळतात तिथे सिमेंटची गोलाई) काढायच्या आणि पाणी तुंबवून चाचणी द्यायची असे त्यांचे म्हणणे असून त्याला गवंडी, बिगारी मिळून आठ-दहा जण महिनाभर लागतील.

आमच्या बैठकीत चर्चा पैशांपुरतीच झाली. मला मात्र दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या कामात यंत्र खरोखर काय करू शकते आणि काय नाही? आणि पुढच्या दहा वर्षांत हे काम यंत्रांकडे गेले, तर त्यावर जगणाऱ्या माणसांचे काय होईल? या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

ओळंबा
मी स्थापत्य अभियंता असून दुरुस्तीच्या कामांवरच माझा बहुतेक वेळ जातो. आपण ज्याला एक काम म्हणतो त्यात प्रत्यक्षात तीन वेगवेगळी कामे आहेत: गळती कुठून आहे हे शोधणे, पृष्ठभाग तयार करणे आणि शेवटी लेप किंवा थर देणे. यंत्राचा परिणाम या तिन्हींवर सारखा होणार नाही.

शेवटचे काम यंत्राला सर्वांत सोपे आहे. मोकळी, सपाट, अडथळे नसलेली गच्ची असेल तर एअरलेस स्प्रेने (हवेऐवजी पंपाच्या दाबाने फवारणाऱ्या यंत्राने) लेप हाताच्या ब्रशपेक्षा कितीतरी लवकर बसतो. शोधण्याच्या कामात यंत्राची चांगली मदत होते, पण निष्कर्ष माणसालाच काढावा लागतो. तयारीच्या कामात मात्र यंत्र जवळजवळ निरुपयोगी आहे आणि वॉटरप्रूफिंग फसते ते बहुतेक वेळा तयारीतच. गच्चीच्या मधोमध पाणी क्वचितच मुरते. ते मुरते पावसाळी पाइपाच्या तोंडाशी, कठड्याच्या भिंतीच्या बुडाशी, टाकीच्या खांबांभोवती आणि कुणीतरी नंतर भोक पाडून नेलेल्या केबलच्या जागी. चांगला गवंडी पाइपाच्या तोंडाभोवतीचे जुने काँक्रीट छिन्नीने हळूहळू मोकळे करतो, पाइप हलतो का ते हाताने पाहतो, फट न आकसणाऱ्या ग्राउटने (पातळ सिमेंटच्या मिश्रणाने) भरतो आणि मग चारही बाजूंनी ढाळ त्या तोंडाकडे येईल असा उतार थापीने ओढतो. एवढ्या दीड-दोन फुटांच्या जागेत त्याचा अर्धा दिवस सहज जातो. हे काम करू शकणारे यंत्र मी अजून कुठल्याही साइटवर पाहिलेले नाही.

आपल्या दोन्ही दरपत्रकांबद्दल प्रत्येकी एक शंका आहे. कंपनी मोझेकवरच लेप देणार असेल तर खालच्या कोब्यात आधीच मुरलेल्या पाण्याचे काय करणार, हे विचारा, कारण ते पाणी उन्हात वाफ होऊन वर आले की लेपाला फुगे येतात. शिवाय मोझेकच्या गुळगुळीत तुकड्यांवर योग्य प्रायमर नसेल तर लेप धरत नाही. मिस्त्रींना विचारा की जुना कोबा पूर्ण काढणार की त्यावरच नवा चढवणार. दहा सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन प्रत्येक चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरते. जुन्या स्लॅबवर असा दुसरा थर चढवणे मला मान्य नाही.

चाफा
दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: चौथ्या पावसाळ्यात छत गळले तर दूरध्वनी कोण उचलणार?

सातासमुद्रापार
मी मूळचा सहकारनगरचा, सध्या अमेरिकेत घरांच्या ऊर्जाबचतीशी संबंधित कामात आहे. इथला प्रश्न तुमच्यापेक्षा वेगळा आहे, पण स्वयंचलनाची दिशा कळण्यासाठी लिहितो.

अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची घरे थंडीवाऱ्यापासून सुरक्षित करण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. त्यात पाहणी करणारा माणूस दारात मोठा पंखा बसवून घरात आणि बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करतो आणि हवा कुठून शिरते ते मोजतो. नंतर कामगार माळ्यावर आणि भिंतींच्या पोकळीत सेल्युलोज (कागदाच्या लगद्यापासून केलेला उष्णतारोधक भुगा) भरतात, फटी बुजवतात. यातली फटी बुजवण्याची पायरी काही ठिकाणी खरोखर स्वयंचलित झाली आहे: घरात हवेचा दाब वाढवून चिकट द्रवाचे सूक्ष्म तुषार सोडतात, ते हवेबरोबर फटींकडे ओढले जाऊन तिथेच साचतात आणि संगणक गळतीचा आकडा उतरताना दाखवत राहतो. ब्रिटनमध्ये क्यू-बॉट नावाच्या कंपनीने लाकडी जमिनीखालच्या अरुंद पोकळीत शिरून फोम फवारणारा छोटा यंत्रमानव तयार केला आहे. तिथे पूर्वी माणसाला फळ्या उचकटाव्या लागत किंवा धुळीत पोटावर सरपटावे लागे.

माझे निरीक्षण असे की यंत्राने आधी तीच कामे घेतली, जिथे माणूस मावत नव्हता किंवा ज्यामुळे तो आजारी पडत होता. पॉलियुरेथेन फोममधील आयसोसायनेट या रसायनामुळे फवारणाऱ्याला दमा होऊ शकतो. असे काम यंत्राकडे गेले तर त्याचे स्वागतच व्हायला हवे.

पर्जन्यमापक
थर्मल कॅमेऱ्याविषयी थोडे खोलात लिहितो, कारण त्याच्या रंगीत चित्राने सोसायटीच्या बैठकीत सगळे प्रश्न संपतात असा माझा अनुभव आहे. हा कॅमेरा ओल पाहत नाही. तो पृष्ठभागाचे तापमान पाहतो. ओल्या जागेतून पाणी उडून जाताना ती जागा थंड होते, म्हणून चित्रात वेगळी दिसते. पण सावली, भिंतीतला थंड पाण्याचा पाइप, वेगळ्या रंगाचा पट्टा किंवा वरच्या घरातील वातानुकूलन यंत्र यांमुळेही तसाच डाग दिसतो. आमच्याकडे आलेल्या एका कंपनीने हॉलच्या छतातील निळा पट्टा गळती म्हणून दाखवला होता. ओलावामापक लावला तेव्हा तो कोरडा निघाला, कारण बरोबर त्याच रेषेत वरच्या घरातील पाण्याची लाइन जात होती.

त्याउलट आमचे मिस्त्री प्लास्टरवर हातोडीच्या दांड्याने ठोकत जातात आणि आवाज बदलला की खडूने खूण करतात. ते पोकळी ओळखतात, ओल नाही. त्यामुळे कॅमेरा आणि ठोकून पाहणे ही एकमेकांना पर्याय नसलेली दोन साधने आहेत, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातात असावीत असे मला वाटते.

नाका
मी वारजे आणि डांगे चौक भागातील मजूर अड्ड्यांवर कामगारांच्या नोंदणीसाठी काही काळ काम केले आहे. या चर्चेत बिगारी अजून आलेला नाही, म्हणून लिहितो.

मुठाकाठ यांनी सांगितलेल्या आठ-दहा जणांत गवंडी फार तर तीन असतील. उरलेले घमेले उचलणारे, राबीट (तोडफोडीचा मलबा) खाली नेणारे, माल कालवणारे असतात आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. मराठवाड्यातून, कलबुर्गी-विजापूरकडून आलेली ही कुटुंबे आहेत. स्प्रे यंत्र येते तेव्हा गवंड्याचे कौशल्य टिकते, हे ओळंबा यांचे म्हणणे खरे आहे. पण कोबाच काढायचा नसेल तर राबीट नाही, वाळू नाही, विटांचे तुकडे नाहीत आणि म्हणून बिगाऱ्याचा रोज नाही. त्याची जागा यंत्रमानव घेत नाही. कामाची पद्धतच बदलते आणि त्याची गरज निघून जाते. म्हणूनच कुठल्याही गणतीत हा माणूस यंत्रामुळे बेकार झाला असे नोंदले जात नाही.

दुसरे म्हणजे त्याच्याकडे कायद्याचे संरक्षण नावापुरतेच आहे. बांधकाम कामगारांच्या कायद्यानुसार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. आज एका सोसायटीत, उद्या दुसऱ्या बंगल्यावर काम करणाऱ्याला हा दाखला कोण देणार? सोसायटीचे सचिव सही करायला कचरतात आणि ठेकेदार पुढच्या साइटवर गेलेला असतो. मुठाकाठ, आपण कोणाचेही दरपत्रक स्वीकारा, पण आपल्या गच्चीवर जितके दिवस काम झाले तितक्या दिवसांची लेखी नोंद प्रत्येक कामगाराला द्या. तो कागद त्याला पुढे उपयोगी पडतो.

रंगरेषा
मी रंगकाम आणि वॉटरप्रूफिंगचा छोटा ठेकेदार आहे आणि गेली काही वर्षे एअरलेस यंत्र वापरतो. नाका यांच्या लिखाणातील कळकळ मला पोचली, तरी एका बाबतीत मतभेद नोंदवतो. मी माणसे कमी केली म्हणून यंत्र घेतले असे झाले नाही. माणसे मिळेनात म्हणून घेतले. ढाळ बरोबर काढणारा कोब्याचा गवंडी आज पन्नाशीच्या पुढचा आहे आणि त्याची मुले हे काम शिकलेली नाहीत. उन्हात गच्चीवर दिवसभर वाकून बसायचे आणि पावसाळ्यात घरी बसायचे, या धंद्यात तरुण का येईल?

यंत्राच्या मर्यादाही सांगतो. दुपारनंतर वारा सुटला की फवारा उडतो आणि खालच्या पार्किंगमधील गाड्यांवर ठिपके पडतात. त्यामुळे आम्ही सकाळी लवकर सुरू करून अकराच्या सुमारास थांबतो. झाकाझाकीलाच बराच वेळ जातो. नोझल तुंबले तर थर पातळ बसतो आणि पांढऱ्यावर पांढरे असल्याने तो डोळ्यांना कळत नाही. म्हणून ओल्या लेपात दातेरी मापपट्टी टेकवून जाडी पाहावी लागते. ज्या सोसायट्यांना एवढे जमत नाही त्यांनी रिकाम्या बादल्या मोजाव्यात. आधी क्षेत्रफळ मोजून किती माल लागायला हवा ते लिहून घ्यावे आणि काम संपल्यावर तितक्या बादल्या समोर रिकाम्या झाल्या का ते पाहावे. फसवणूक पकडण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

बाहेरच्या भिंतींबाबत मात्र मी पूर्णपणे यंत्राच्या बाजूचा आहे. दोराच्या झुल्यावर बसून सहाव्या मजल्यावरची भेग शोधायला माणूस पाठवताना माझा जीव खालीवर होतो. ती पाहणी ड्रोनने झाली तर झुल्यावरचे तास कमी होतात. फक्त ड्रोन नियम २०२१ प्रमाणे उड्डाणक्षेत्र तपासून घ्यावे लागते आणि लोहगाव विमानतळाच्या बाजूला परवानगीशिवाय उडवता येत नाही.

तळजाई
थोडे विषयांतर वाटेल, पण उष्णतेचा मुद्दा मागे पडतो आहे. २०१९ च्या एप्रिलअखेर पुण्याचा पारा ४३ अंशांवर गेला होता. जुन्या वाड्यांत कौलांखाली माळा असे, त्यामुळे तापलेले कौल आणि राहती खोली यांच्यामध्ये हवेचा मोठा थर राही. स्लॅबच्या घरात तसा आडोसा काहीच नाही. मग उपाय लेपाचा करावा की इन्सुलेशनच्या तक्त्यांचा?

ओळंबा
तळजाई, विषयांतर मुळीच नाही. लेप ऊन परतवतो, तक्ता आत येणारी उष्णता अडवतो. पाच सेंटिमीटरचा एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीनचा (थर्माकोलसारख्या पण घट्ट फोमचा) तक्ता उष्णता अडवण्यात सुमारे अडीच मीटर जाडीच्या काँक्रीटच्या बरोबरीचा ठरतो. यावरून आपला सहा इंची स्लॅब एकटा किती दुबळा आहे हे लक्षात यावे. पण पुण्यात उन्हाळ्यातही पहाटे हवा गार होते, त्यामुळे पांढरा लेप आणि रात्री उघड्या खिडक्या एवढ्यावर बऱ्याच घरांचे भागते. अट अशी की लेप धुतलेला राहिला पाहिजे. शेजारी बांधकाम चालू असेल तर वर्षभरात धूळ बसून त्याची परतवण्याची शक्ती घटते.

सातासमुद्रापार यांनी सांगितलेले तुषारांचे तंत्र आपल्या सोसायट्यांत मात्र कामाचे नाही. हवाबंद घर ही आपली गरज नाही. आपल्या सरकत्या खिडक्यांतून वारा यावा अशीच आपली इच्छा असते.

स्वयंचलन पुण्यात कुठून शिरेल याविषयी माझा अंदाज आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. तिच्यात छतातून उष्णता शिरण्याची कमाल मर्यादा दर चौरस मीटर, दर अंशाला १.२ वॅट आहे. नुसता स्लॅब आणि कोबा असेल तर ही मर्यादा पाळली जात नाही. त्यामुळे नव्या मोठ्या प्रकल्पांत इन्सुलेशनचे काम एकगठ्ठा निघेल, आणि तिथे संगणकीय आराखडे असतात, माणसे राहत नसतात, गच्च्या एकसारख्या असतात. २०२० मध्ये हिल्टी कंपनीने छताला भोके पाडणारा यंत्रमानव आणला, तोही इमारतीच्या डिजिटल आराखड्यावरच चालतो. आपल्या जुन्या सोसायट्यांचा मूळ नकाशासुद्धा कपाटात सापडत नाही आणि सापडला तरी त्यात नंतरच्या ग्रिल, शेड आणि सौर बंब नसतात. म्हणून दुरुस्तीचे काम पुष्कळ काळ हातांचेच राहील आणि नव्या बांधकामातले हळूहळू जाईल असे मला वाटते.

नाका
म्हणजे ज्यात रोज नियमित मिळतो आणि ९० दिवस भरतात ते काम आधी जाणार, आणि ज्यात चार दिवस काम, चार दिवस अड्ड्यावर उभे राहणे असते ते मागे उरणार. ओळंबा यांचा अंदाज खरा ठरला तर माझी काळजी वाढते.

सातासमुद्रापार
नाका यांना जोडून दोन उदाहरणे देतो. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये माळ्यांत इन्सुलेशन बसवण्याची मोठी अनुदान योजना घाईने आणली. प्रशिक्षण न झालेली मुले कामावर उतरली, चार तरुण कामगार मृत्युमुखी पडले आणि योजना २०१० मध्ये गुंडाळावी लागली. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितले की दोन सरकारी योजनांतून बाहेरच्या भिंतींवर इन्सुलेशन बसवलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत मोठे दोष होते. दोन्ही देशांत पैसा होता, साहित्य होते. कमतरता होती ती कुशल हातांची आणि खऱ्या तपासणीची. यंत्राने माणसाची उणीव भरून निघेल असे मानणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

तळजाई
यावर पुण्याचेच एक उदाहरण द्यावेसे वाटते. शहरातील कचरावेचक १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झाले आणि पुढे त्यांतूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम महापालिकेबरोबरच्या कराराने त्यांच्याकडे आले. अडचणी त्यांनाही पुष्कळ आल्या, पण काम कुणाचे आहे यावर त्यांनी हक्क सांगितला. गवंडी आणि बिगारी यांची अशी सहकारी संस्था झाली, तिच्याकडे एक स्प्रे यंत्र, एक थर्मल कॅमेरा, एक ओलावामापक असला आणि औंधच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी त्याचे शिक्षण मिळाले, तर सोसायट्या तिला काम देतील की नाही? मी आमच्या सोसायटीपुरते सांगते, आम्ही देऊ.

रंगरेषा
मीही अशा संस्थेतील मुलांना शिकवायला येईन. कॅमेरा हाताळणे कठीण नाही. ज्याने आधी वीस गच्च्या फोडून पाहिल्या आहेत त्याला चित्र दाखवले की तो अभियंत्याच्या आधी कारण सांगतो.

मुठाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. काल कंपनी आणि मिस्त्री यांच्याशी स्वतंत्र बोललो. मोझेकखालच्या पाण्याच्या प्रश्नावर कंपनीकडे समाधानकारक उत्तर नव्हते. मिस्त्री म्हणाले की कोबा सगळीकडे काढण्याची गरज नाही. ठोकून पाहिल्यावर जिथे पोकळ लागेल आणि ढाळ चुकला असेल तेवढाच भाग काढू, तोंडे आणि वाटा नव्याने करू. आता समितीपुढे असा प्रस्ताव ठेवतो आहे की शोध आणि तयारी मिस्त्रींकडे द्यावी, लेप यंत्राने द्यावा, भिंतींची पाहणी ड्रोनने व्हावी आणि कामगारांच्या दिवसांची नोंदवही सचिवांनी ठेवावी. यात काही राहून गेले आहे का?

चाफा
जबाबदारी दोघांत वाटली गेली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. करार एकाशीच करा आणि दुसऱ्याला त्याच्या हाताखाली ठेवा. माझ्या मते करार मिस्त्रींशी व्हावा.

ओळंबा
चाफा यांच्याशी सहमत. मिस्त्रींनी स्प्रे यंत्र भाड्याने आणावे किंवा रंगरेषा यांच्यासारख्या ठेकेदाराला पोटठेका द्यावा. तयारीचे काम संपल्यावर आणि लेपाच्या आधी गच्चीत पाणी तुंबवून किमान ४८ तास ठेवा, खालच्या दोन्ही घरांत छत पाहा आणि त्यानंतरच पुढचा हप्ता द्या. चाचणीनंतर कोबा पूर्ण सुकू द्यावा लागेल, म्हणून मे महिन्याचे पहिले दोन आठवडे त्यासाठी मोकळे ठेवा. वळवाचा पाऊस आला तर लेपाचे काम पुढे ढकला, घाई करू नका. झुल्यावर कोणी चढणार असेल तर सुरक्षा पट्टा आणि वेगळा दोर यांची रक्कम दरपत्रकात स्वतंत्र ओळीत लिहून घ्या, कारण ती एकूण रकमेत मिसळली की सर्वांत आधी तिच्यातच कपात होते. थर्मल कॅमेऱ्याची पाहणी आत्ता करू नका. पावसाळा संपता संपता, दिवसभर ऊन पडलेल्या संध्याकाळी ती करा आणि मिस्त्रींना सोबत घ्या.

नाका
नोंदवहीत बिगारी स्त्रियांची नावे नवऱ्याच्या नावाखाली न लिहिता स्वतंत्र लिहावीत, ही विनंती. अनेक ठिकाणी जोडीचा रोज एकाच नावावर लागतो आणि बाईचे ९० दिवस कधीच भरत नाहीत.

मुठाकाठ
दोन्ही सूचना प्रस्तावात घेतल्या आहेत. बैठक येत्या रविवारी आहे.